सही माझी, गोष्ट आईची

पत्राचा गोषवारा असा: पत्रलेखिका ५२ वर्षांच्या आहेत. आईला चार वर्षांपासून डिमेन्शिया आहे आणि ती त्यांच्याकडेच असते. तिच्यासाठी त्यांनी दोन वर्षांपूर्वी नोकरी अर्धवेळ करून घेतली. गेल्या महिन्यात आईची तपासणी आटोपता आटोपता डॉक्टरांनी एका अभ्यासाचे कागद हातात ठेवले. अभ्यास रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसांचा आहे. निम्म्या लोकांना आठ बैठकांचं प्रशिक्षण मिळणार, उरलेल्यांना नेहमीचीच सेवा. कोण कुठल्या गटात हे संगणक ठरवणार. दर चार महिन्यांनी प्रश्नावली आणि एकदा सविस्तर मुलाखत, तीही ध्वनिमुद्रित. परगावी राहणारा भाऊ म्हणतो, "सही करून टाक, आपलं काय जातंय? आणि नाही म्हटलंस, उद्या त्यांनी आईकडे लक्षच दिलं नाही, तर?" ताईंनी नमुन्याची प्रश्नावली भरायला घेतली. पाच प्रश्न झाले. सहावा होता, 'आपल्या माणसाचा राग येतो का?' तिथे पेन थांबलं, कागदाची घडी झाली आणि तो कपाटात गेला. त्या लिहितात, "आईनं घरातली गोष्ट कधी घराबाहेर जाऊ दिली नाही. तिच्या आजाराचा पंचनामा मी परक्यांपुढे कसा मांडू? आणि मला ते प्रशिक्षण मिळणारच नसेल तर हा खटाटोप कशासाठी?" पत्राच्या शेवटी कंसात एक वाक्य आहे: "(मागच्या महिन्यात अंघोळीच्या वेळी तिचा दंड इतका घट्ट धरला गेला की वळ उठला. हे कुणालाच बोलले नाही.)"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कंसापाशी अडखळले. त्याच्याकडे येतेच, पण आधी कपाटातला तो कागद.

तुम्ही लिहिलंय, "आईच्या आजाराच्या अभ्यासात भाग घेऊ का?" माहितीपत्रकाचं पहिलं पान पुन्हा काढून बघा. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून तरी हा अभ्यास आईच्या आजाराचा नाही. तो तुमचा आहे. सहभागी म्हणून नाव तुमचं लागणार, सही तुमची, वेळ तुमचा आणि मोजमाप होणार तेही तुमच्या झोपेचं, तुमच्या चिडचिडीचं, तुमच्या थकव्याचं. हे एकदा नीट लक्षात आलं की भावाच्या "आपलं काय जातंय" मधला 'आपलं' जरा खटकायला लागतो. जाणारं जे काही आहे ते तुमचं आहे. त्यानं मत जरूर द्यावं. होय-नाही मात्र तुमचं.

घरच्या माणसांचा अभ्यास म्हणजे नुसते कागद भरणं, असंही नसतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. डिमेन्शिया झालेल्या नातेवाइकांची काळजी घेणाऱ्या १३ बायका आणि त्यांच्याच वयाच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या १३ बायका. प्रत्येकीच्या हाताच्या कातडीचा साडेतीन मिलिमीटरचा तुकडा काढला आणि जखम किती दिवसांत भरते ते पाहिलं. काळजीवाहक बायकांच्या जखमा भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. तुमच्या अभ्यासात कुणी कातडीला हात लावणार नाही, पण मुद्दा तोच आहे. ज्यांना सगळे 'रुग्णासोबत आलेल्या' म्हणून ओळखतात, त्यांच्या स्वतःच्या शरीरावर काय चाललंय हे कुणीतरी त्यांच्याकडे वळून पाहिलं म्हणून कळलं. आणि ते पाहण्यासाठी त्या बायकांना थोडं का होईना, सोसावं लागलं.

आता भावाची भीती. ती तुम्ही खोडून काढलेली नाही, नुसती बाजूला ठेवलीय, असं वाटलं. ती वेडगळ नाही. आईचे डॉक्टर समोर बसलेत, पुढच्या खेपेलाही तेच असणार, अशा वेळी 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. माणसांवरच्या संशोधनाचे नीतिनियम सांगणाऱ्या, जागतिक वैद्यकीय संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात (१९६४ सालचा, तेव्हापासून अनेकदा सुधारलेला) याचा विचार केलेला आहे. संशोधनाला नकार दिला म्हणून डॉक्टर आणि रुग्ण यांच्या संबंधावर परिणाम होता कामा नये, आणि जिथे माणूस डॉक्टरांवर अवलंबून आहे तिथे संमती त्या नात्याबाहेरच्या, त्या कामाची जाण असलेल्या व्यक्तीनं घ्यावी, असं त्यात म्हटलंय. तुम्ही रुग्ण नाही, हे खरं. पण तुमचं अवलंबून असणं रुग्णाइतकंच आहे, किंबहुना थोडं जास्तच. कारण रुसवा झाला तर तो आईला भोगावा लागेल, ही धास्ती आहे.

म्हणून पहिलं काम: डॉक्टरांना फोन करू नका. माहितीपत्रकावर अभ्यासाच्या समन्वयकाचा क्रमांक असेल, त्यांना करा. आणि एवढंच म्हणा, "मला भाग घेण्यात रस असू शकेल, पण आईवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशिवाय दुसऱ्या कुणाशी तरी बोलून ठरवायचंय." समोरचं माणूस यावर काय उत्तर देतं यावरून बरंच कळेल. संशोधन नीट चालवणाऱ्यांना हे वाक्य नवं नसतं. कुणी चिडलं, किंवा "त्यात काय एवढं, सही करा" म्हणालं, तर कपाटात कागद ठेवलात ते बरंच केलंत.

पंचनाम्याच्या प्रश्नावर मात्र मी तुम्हाला पूर्ण दिलासा देणार नाही, कारण तुमची शंका अर्धी बरोबर आहे.

मुलाखतीत तुम्ही दोन प्रकारच्या गोष्टी सांगणार. 'रात्री तीनदा उठावं लागतं, सकाळी डोकं चालत नाही, बहिणीचा फोनही नकोसा होतो' ही तुमची गोष्ट. ती सांगायला कुणाची परवानगी लागत नाही, आईचीसुद्धा नाही. आपल्याला वाटतं की थकलो म्हणणं म्हणजे ज्याच्यामुळे थकलो त्याच्याविरुद्ध तक्रार. तसं का वाटावं? ताप आला म्हणून कुणी पावसावर फिर्याद करत नाही.

दुसरा प्रकार: 'आई कपडे ओले करते, आई माझ्यावर चोरीचा आळ घेते, आई आरशातल्या बाईशी भांडते.' ही गोष्ट आईची आहे, आणि ती सांगायला आज तिच्याकडे शब्द नाहीत म्हणून ती आपोआप तुमची होत नाही. संशोधनाच्या नीतिनियमांतही हा धागा जरा सैलच राहतो. सहभागी माणूस संमती देतो, पण बोलता बोलता तो तिसऱ्याच कुणाबद्दल सांगतो, त्या तिसऱ्याला कुणी विचारलेलं नसतं. नाव काढून टाकतात हे खरं, पण तपशील इतका वेगळा असतो की ओळखीच्या माणसानं वाचला तर त्याला नावाची गरज पडत नाही.

यावर तोडगा आहे आणि तो तुमच्या हातात आहे. मुलाखतीत प्रसंगाचं वर्णन न करता त्याचा तुमच्यावर झालेला परिणाम सांगता येतो. "आई माझ्या पर्सवरून काय काय बोलली" यापेक्षा "माझ्यावर संशय घेतला जातो तेव्हा मी दोन-दोन तास कुणाशी बोलत नाही" एवढं पुरतं. चांगल्या मुलाखतकाराला त्यात हवं ते मिळतं. ध्वनिमुद्रण कोण ऐकणार, कोण टंकणार, ते कधी पुसणार, आणि लेखात तुमचं वाक्य जसंच्या तसं छापणार असतील तर आधी दाखवणार का, हे विचारा. आणि ते आईची वैद्यकीय फाइलही उघडणार आहेत का? तसं असेल तर ती तुमच्या सहीत बसणारी गोष्ट नाही. आईच्या बाजूनं वेगळी संमती लागेल.

आईला सांगावं का? मी सांगेन. सगळं कळणार नाही, पण दिवसातला तिचा बरा तास तुम्हाला ठाऊक असणारच. त्या वेळी जवळ बसून, "माझ्या दमण्याबद्दल मला काही लोकांना सांगायचंय, त्यात तुझं नाव येईल, चालेल ना?" इतकं सोपं विचारा. उद्या ती विसरेल. तरी विचारा. तिच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते तुम्हाला इतर कुणाहीपेक्षा चांगलं वाचता येतं. ती अस्वस्थ झाली, तर तिच्याबद्दलचा भाग कमीत कमी ठेवायचा, हे तेव्हाच ठरवून टाका.

एक बारीक गोष्ट राहिली. अशा अभ्यासांत पुष्कळदा दुसरीही प्रश्नावली असते, ज्यात रुग्णाचं आयुष्य कसं चाललंय हे तुम्ही रुग्णाच्या वतीनं सांगायचं असतं. इथे सांभाळा. डिमेन्शिया असलेली माणसं स्वतःच्या जगण्याला जेवढे गुण देतात, त्यापेक्षा घरचे त्यांच्या जगण्याला कमी गुण देतात, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि घरचा माणूस जितका खचलेला तितके गुण खाली. यात कुणी खोटं बोलत नसतं. आपण तिचा गेलेला शब्द मोजतो, ती खिडकीतलं ऊन मोजत असते. तो कागद जागरणाच्या दुसऱ्या दिवशी भरू नका, एवढंच.

"मला प्रशिक्षण मिळणारच नसेल तर कशासाठी?" हा तुमचा प्रश्न मला आवडला, कारण तो प्रामाणिक आहे. संशोधनात शिरणाऱ्या पुष्कळांच्या मनात हाच हिशेब असतो, फक्त ते बोलत नाहीत. आपण रुग्णालयात आहोत, समोर डॉक्टर आहेत, म्हणजे जे चाललंय ते आपल्या भल्यासाठीच, असा समज होतो. १९८० च्या दशकात अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ पॉल अ‍ॅपलबाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गैरसमजाला नाव दिलं. मराठीत आपण उपचाराचा भास म्हणू. संशोधनाचं पहिलं उद्दिष्ट उत्तर शोधणं हे असतं. तुम्हाला फायदा झाला तर तो वरचा.

मग तुलना गट, म्हणजे नेहमीचीच सेवा मिळणारा गट, ठेवतातच का, सगळ्यांनाच चांगलं ते का देत नाहीत? कारण 'चांगलं' कोणतं ते आधी माहीत नसतं. दोन उदाहरणं देते, एक सुलट, एक उलट. लंडनमध्ये जिल लिव्हिंग्स्टन यांच्या गटानं डिमेन्शियाच्या २६० काळजीवाहकांवर आठ बैठकांच्या एका कार्यक्रमाची चाचणी घेतली. १७३ जणांना कार्यक्रम मिळाला, ८७ जणांना नेहमीची सेवा. २०१३ साली निष्कर्ष आले: कार्यक्रम मिळालेल्यांची उदासी आणि चिंता कमी झाली होती, आणि तो फरक पुढेही टिकला. बैठका घेणारे मानसशास्त्राचे पदवीधर होते, मोठे तज्ज्ञ नव्हेत. ही आशेची बाजू. आता दुसरी. फ्रान्समधल्या २२ अतिदक्षता विभागांत, माणूस दगावल्यानंतर काही दिवसांनी डॉक्टर आणि परिचारिकेनं घरच्यांना सांत्वनाचं हस्तलिखित पत्र पाठवायचं, असा प्रयोग झाला. निष्कर्ष २०१७ मधले. याहून निरुपद्रवी काय असणार? पण महिन्याभरानं पाहिलं तर पत्र मिळालेल्यांचं दुःख काही हलकं झालेलं नव्हतं, आणि सहा महिन्यांनी त्यांच्यात नैराश्याची आणि आघातानंतरच्या ताणाची लक्षणं उलट जास्त आढळली. पत्र न मिळालेला गट नसता, तर आज रुग्णालयं मोठ्या मायेनं ती पत्रं पाठवत बसली असती.

तेव्हा स्वतःला एक प्रश्न विचारा: 'मी तुलना गटात जाणार, हे आजच नक्की माहीत असतं तरी मी सही केली असती का?' 'हो' असेल तर पुढे व्हा. 'नाही' असेल तर तुम्हाला खरी गरज आधाराची आहे, आणि त्यासाठी संगणकाच्या चिठ्ठीवर विसंबून राहू नका. आधारगट, समुपदेशन, आठवड्यातले चार तास आईजवळ बसणारं कुणीतरी, हे अभ्यासाबाहेरही मागता येतं, आणि मागायलाच हवं. समन्वयकांना मात्र विचारून ठेवा, अभ्यास संपल्यावर तुलना गटालाही प्रशिक्षण देणार का? काही ठिकाणी देतात.

आता कंस.

तुम्ही 'धरला गेला' असं लिहिलंय, 'धरला' नाही. मी यावरून तुम्हाला धारेवर धरत नाहीये. त्या दोन शब्दांत किती रात्री गेल्या असतील याचा अंदाज आहे. आणि माझी शंका अशी की कागद कपाटात गेला तो आईच्या अब्रूसाठी जेवढा, तेवढाच या वळासाठी. सहाव्या प्रश्नाला 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न कुठला येईल, याची भीती.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात डिमेन्शियाच्या २२० काळजीवाहक नातेवाइकांना थेट विचारलं गेलं: गेल्या तीन महिन्यांत तुम्ही ओरडलात का, धमकावलंत का, हात उगारलात का? निम्म्याहून थोड्या जास्त, ५२ टक्के लोकांनी कधी ना कधी काहीतरी चुकीचं वागल्याचं सांगितलं. बहुतेक वेळा ते ओरडणं, टाकून बोलणं होतं. शारीरिक इजा करणारे फार थोडे, टक्काभरच. हे आकडे तुमच्यापुढे ठेवताना मी दोन्ही टोकं धरून आहे. आवाज चढणं ही काही केवळ तुमच्याच घरातली गोष्ट नाही. वळ उठणं मात्र 'सगळ्यांकडे होतंच' म्हणून सोडून देण्यासारखं नाही. म्हाताऱ्या कातडीवर थोड्या दाबानंही वळ उठतो हे खरं. पण तो कसा उठला हे तुम्ही मला आवर्जून लिहिलंत, म्हणजे तुमच्याही मते ते थोड्या दाबाचं नव्हतं.

आणि हेही बघा, त्या २२० माणसांनी अनोळखी संशोधकांना खरं सांगितलं म्हणून हा प्रश्न किती मोठा आहे ते कळलं. तुमच्यासारखी माणसं सहाव्या प्रश्नाला 'कधीच नाही' वर खूण करून मोकळी झाली, तर अभ्यासाचा निष्कर्ष निघेल की घरोघरी सगळं आलबेल आहे.

फक्त, खरं सांगण्याआधी एक माहिती घ्या. संशोधकांनी दिलेलं गुप्ततेचं वचन अमर्याद नसतं. कुणाला गंभीर धोका आहे असं वाटलं तर त्यांना ते पुढे कळवावं लागू शकतं. नेमकं काय, कुणाला, आणि तुम्हाला आधी सांगून की न सांगता, हे मुलाखतीच्या आधी विचारायचं. प्रश्न असा सर्वसाधारणच ठेवा: "मी माझ्या वागण्याबद्दल काही सांगितलं, तर कोणत्या परिस्थितीत ते तुमच्याबाहेर जाईल?" हेच तुमच्याबद्दलही विचारा. प्रश्नावलीत जगणं नकोसं होण्याविषयी प्रश्न असला आणि तुम्ही त्यावर खूण केलीत, तर तो कागद कोण वाचणार आणि किती दिवसांनी? चार महिन्यांनी गठ्ठा उघडून बघणार असतील, तर ते आधी माहीत असलेलं बरं. असं काही मनात आजच येत असेल, तर कागदाची वाट न बघता आजच कुणाशी तरी बोला.

पण वळाचं बोलणं अभ्यासासाठी राखून ठेवू नका. ते उपचाराच्या बाजूचं आहे आणि त्याला घाई आहे. आईची तपासणी होते त्या विभागातल्या परिचारिकेला सांगा, "आईला अंघोळ घालणं मला एकटीला जमत नाहीये, मागे तिला माझ्या हातून लागलंय." एवढ्या एका वाक्यावर त्या पुढचं विचारतील. डिमेन्शियात अंघोळ हीच बहुतेकदा रणभूमी असते. डोक्यावरून अचानक आलेलं पाणी, उघडं अंग, थंडी, कुणीतरी ओढतंय ही भीती. वृद्धाश्रमांतल्या रहिवाशांवर अमेरिकेत झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं, की अंगावर मोठा टॉवेल ठेवून, कोमट ओल्या कपड्यानं भागाभागानं पुसून घेतलं, किंवा शॉवर त्या माणसाच्या कलानं दिला, तर चिडणं, मारायला धावणं लक्षणीय कमी होतं. रोज अंघोळ झालीच पाहिजे असं नाही. तिच्या हातात छोटा कपडा द्या, तोंड तिचं तिला पुसू द्या. ती हात झटकायला लागली की थांबा. पाऊण तासानं पुन्हा बघा. आणि दंडाला धरायचं नाही, तळहाताखाली तळहात ठेवायचा.

भाग घ्यायचं ठरलंच तर बाकीचं व्यवहाराचं. मुलाखत तासाची म्हणतात ती दीडाची होते, त्या वेळात आईजवळ कोण? हे त्यांनी योजलेलं नसेल तर मागा, प्रवासखर्चही मागा. मुलाखतीनंतर लगेच घरी येऊन जुंपून घेऊ नका, बोललेलं काही वेळ अंगात घुमतं. मधेच बाहेर पडता येतं आणि कारण सांगावं लागत नाही, पण आधी दिलेली उत्तरं काढून टाकतात की वापरतात हे प्रत्येक अभ्यासात वेगळं असतं. आणि जे कुणी विचारत नाही ते विचारा: या काळात आई गेली, किंवा तिला संस्थेत ठेवावं लागलं, तर पुढची प्रश्नावली येणारच का? फोन कोण करणार, किती दिवसांनी? अंत्यसंस्कारानंतर आठवड्यात 'आपल्या माणसाची काळजी घेताना' असा मथळा असलेला कागद पोस्टानं यावा, असं तुम्हाला वाटत नसेल, तर ते त्यांना आत्ताच लिहून घ्यायला सांगा.

माझं मत विचारलंत तर या आठवड्यात सही करू नका. आधी अंघोळीचं बोला. मग समन्वयकांना फोन. भावाला दोन दिवस बोलावून घ्या. आईजवळ बसला की त्याचं मत बदलेल असं नाही, पण तुम्हाला शांतपणे वाचायला वेळ मिळेल. त्यानंतरही भाग घ्यावासा वाटला तर खुशाल घ्या. कागद उघडाल तेव्हा सहाव्या प्रश्नापुढची जागा कोरी ठेवून सातव्याकडे जायलाही बहुतेक ठिकाणी मुभा असते, तीही विचारून घ्या.